क्रिकेटचा बॉक्स, नग एक

दोन वर्षांपूर्वीच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या कळमटेंभे गावानं ठराव क्रमांक अकरा एकमतानं मंजूर केला. गावात बॉक्स क्रिकेटची सोय व्हावी, एवढीच मागणी होती. सूचक धाऊ गोमा घुडे, वय वर्षे बहात्तर. अनुमोदक सौ. शकू लडकू शेलवले, सरपंच. ठराव लिहिणारा मी, जयराम घुडे, निवृत्त मुख्य लिपिक. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात दोष कुणाचा हे शोधायला लोक फार लांब लांब जातात. मी पहिल्या परिच्छेदातच बसलेला आहे.

बॉक्स क्रिकेट म्हणजे काय, हे ठाणे जिल्ह्यात कुणाला सांगावं लागू नये. तरी रीत म्हणून सांगतो. चारी बाजूंनी जाळी, वर जाळी, खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत. चेंडू बाहेर जात नाही. आमच्या गावाचा माळ वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या हमरस्त्याला लागून आहे. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला धाऊबाबाचं वालाचं शेत. उजवीकडे मारलं तर चेंडू घाटात फिरायला निघालेल्या गाडीच्या काचेवर, डावीकडे मारलं तर वालात. धाऊबाबा चेंडू परत द्यायचा, पण प्रत्येक वेळी आमच्या सात पिढ्यांची नावं घेऊन द्यायचा. त्यामुळं जाळीचा ठराव त्यानंच मांडावा हे योग्य होतं.

दुसरं कारण नम्रता. माझ्या धाकट्या भावाची, चंदरची मुलगी. वय एकोणीस, डावखुरी, आणि वेगात टाकते. किती वेगात, ते मोजायचं यंत्र आमच्याकडं नाही, पण गावातले मोठमोठे बाप्ये तिच्यासमोर उभं राहायच्या आधी घरी काहीतरी काम आठवून निघून जातात. त्या वर्षीच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. त्यात जायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. ती रोज माळावर दोनशे चेंडू टाकायची आणि दोनशे चेंडू आणायला धावायची.

"काका, जाळी झाली ना, का मी दिवसाला तीनशे टाकीन," ती मला म्हणाली होती. "धावण्यात निम्मा टाइम जातो माझा."

"होणार गो, होणार," मी म्हणालो. "ठराव मी लिहिणार आहे."

आता माझी चूक. 'बॉक्स क्रिकेट' हा शब्दप्रयोग मला खटकला. बॉक्स हे नाम, क्रिकेट हेही नाम. दोन नामं प्रत्ययाशिवाय नुसती शेजारी शेजारी बसलेली मला बघवत नाहीत. मी कल्याणला चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली तीस वर्षं साहेब लोकांचं मराठी दुरुस्त करण्यात गेली. माझ्या हातून गेलेला कागद शुद्धलेखनासाठी कधी परत आला नाही. तेव्हा मी षष्ठीचा प्रत्यय लावला, क्रम नीट केला आणि लिहिलं, 'क्रिकेटचा बॉक्स'. वस्तूची मागणी करताना संख्या लिहावी लागते, म्हणून पुढं 'नग एक' लिहिलं. ग्रामसेवकानं न वाचता सही केली, कारण माझ्या अक्षरावर त्याचा विश्वास होता.

एप्रिलमध्ये निरोप आला की बॉक्स येतोय. गाव सकाळपासून फाट्यावर उभं. नारळ आणला होता, हार आणला होता, खांब उतरवायला सहा जण बाह्या वर करून तयार होते. मुरबाडकडून ट्रक येईल म्हणून आम्ही बघतोय, तर वडापची जीप थांबली. मधल्या सीटवरून एक सडपातळ साहेब उतरले. त्यांच्या हातात एक खोकं होतं. हे स्वरूप साहेब, ग्राम क्रीडांगण पूर्तता योजनेचे विस्तार अधिकारी.

"जाळी मागनं येतेय का?" शकूबाईनं विचारलं.

"कसली जाळी?"

"क्रिकेटची."

साहेबांनी पिशवीतून ठरावाची प्रत काढली, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "'गावास क्रिकेटचा बॉक्स, नग एक, मिळावा.' हा बॉक्स. यात क्रिकेट आहे. नग मोजून घ्या."

खोक्यात एक काळी पेटी, दोन रिमोट आणि एक तबकडी निघाली. जीपच्या टपावर टीव्ही बांधलेला होता, तोही त्याच्यासोबतच होता. शहरातली मुलं घरी टीव्हीला लावून खेळतात, कुणी कॉम्प्युटरवर खेळतात, तो क्रिकेटचा खेळ. बटणं दाबायची, आतली माणसं धावतात.

गावानं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. आकाशात काही नव्हतं.

"साहेब, ही चूक झाली," मी म्हणालो. "आम्हाला मैदानाभोवती जाळी हवी होती. शुद्धिपत्रक काढून हे परत न्या."

"परत कोणत्या कारणानं नेऊ? मागणी आणि पुरवठा यात तफावत असेल तर नेता येतं. इथं एका अक्षराची तफावत नाही." साहेबांचा आवाज जरा भरून आला. "अकरा वर्षांच्या नोकरीत गावानं लिहिलं तेच गावाला पोचलं असं मी पहिल्यांदा बघतोय. ठराव कुणी लिहिलाय?"

मी हात वर केला. साहेबांनी तो हातात घेऊन दाबला.

"मग वस्तू निरुपयोगी म्हणून परत करू," शकूबाई म्हणाली. तिला कायदा कळत नाही, पण डोकं आहे.

"जरूर. निरुपयोगी ठरवायला ती सात वर्षं वापरलेली असावी लागते. तुम्ही वापरायला लागा, म्हणजे परत करता येईल."

म्हणून आम्ही बॉक्स परत करण्यासाठी वापरायला सुरुवात केली.

बॉक्स समाजमंदिरात बसवला, कारण तिथं पंखा आहे. साहेबांनी जाताना मला 'मैदान वापर नोंदवही' दिली आणि क्रीडांगण तपासणीचा एक अर्ज दिला. अर्ज छापील होता. 'मैदानाची लांबी, मीटरमध्ये.' मी टेप लावून टीव्ही मोजला. सदतीस इंच लांब, एकवीस इंच रुंद.

"मीटरऐवजी इंच लिहू का?" मी फोन करून विचारलं.

"एकक छापील आहे, त्याला हात लावू नका. तुम्ही फक्त आकडा भरा."

मी आकडा भरला. त्या दिवसापासून कळमटेंभे गावात सदतीस मीटर लांब आणि एकवीस मीटर रुंद मैदान आहे. पुढचे रकाने मी डोळ्यांनी बघून प्रामाणिकपणे भरले. सावली देणारी झाडं, चौदा. ती स्टेडियमच्या पाठीमागं दिसतात. प्रेक्षक क्षमता, पन्नास हजार. शौचालय, पॅव्हेलियनला दार आहे तेव्हा आत असणारच. महिन्याभरात पोलीस पाटलाला पत्र आलं की, पन्नास हजार लोकांच्या वाहनतळाची काय व्यवस्था केली ते कळवावं. त्यानं कळवलं, की लोक आतच राहतात, बाहेर येत नाहीत. हे उत्तर समाधानकारक मानण्यात आलं.

खेळाचं म्हणाल, तर पहिले आठ दिवस सगळे नाकं मुरडत होते. मग एका दुपारी धाऊबाबा पंख्याखाली टेकायला आला, सहज रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच षटकात तीन गडी बाद केले. जन्मभर भिजवलेले वाल सोलून त्याचे अंगठे असे तयार झालेत की डाळिंबी बोटाला लागायच्या आत सालातून बाहेर. बटणावरही तेच. आतला समालोचक इंग्रजीत काहीतरी बोलायचा, तर धाऊबाबा त्याला मराठीत उत्तर द्यायचा. "व्हय रे बाबा, पाहतोयस ना नीट? आता बघ कसा टाकतो." ऐकायला लोक जमले. आठवड्याभरात बायाही जमल्या. गावचे फलंदाज, जे नम्रतासमोर काम आठवून पळायचे, ते समाजमंदिरात दिवसभर सापडू लागले.

खेळात आपल्या नावाचा खेळाडू बनवता येतो. गावानं कौतुकानं नम्रताला बनवलं. डावा हात, लांब वेणी, रंग थोडा उजळ, कारण आमचा रंग यादीत नव्हता. ही आतली नम्रता धाऊबाबा चालवायचा. आषाढ संपेपर्यंत तिचे दोनशे बारा बळी झाले. लोक एकमेकांना सांगायचे, "आज नम्रतानं काय टाकली रे, समोरचा नुसता उभा." खरी नम्रता त्या वेळी माळावर एकटी असायची. समोर फलंदाज नाही, मागं यष्टिरक्षक नाही. एक दांडी रोवून ती टाकायची, आणि चेंडू वालात गेला की स्वतःच जायची, कारण शिव्या द्यायलाही धाऊबाबा शेतात नसायचा.

"काका, कोणीतरी पाठवा ना बॅटिंगला," ती एकदा नोंदवहीजवळ येऊन म्हणाली. "समोर माणूस नाय तर मला कळणार कसं, चेंडू कुठं पडला पायजे ते?"

"पाठवतो गो. ही मॅच लिहून होऊ दे."

कारण मी लिहीत होतो. प्रत्येक सामना, दिनांक, वार, दोन्ही संघ, निकाल, सही. नोंदवही बघाल तर बघत राहाल. एक खाडाखोड नाही. चारशे बारा सामने. आणि माळावर किती सामने झाले याची नोंद, खरं सांगायचं तर, माझ्या आज्याच्या काळापासून कुणीही ठेवलेली नव्हती. तिथं आपलं खेळत होते.

जुलैअखेर स्वरूप साहेब तपासणीला आले. नोंदवही चाळून त्यांनी मान डोलावली. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ते समोर काय आहे?"

"मैदान," मी म्हणालो. जिभेला हाड नसतं, आणि त्या दिवशी मेंदूलाही नव्हतं.

"मग हे काय आहे?" त्यांनी टीव्हीकडं बोट केलं.

"हेपण मैदान."

साहेबांनी पुस्तिका काढली. दीड हजाराच्या आतल्या लोकसंख्येला क्रीडांगण एक. आमच्याकडं दोन. त्यातलं एक अतिरिक्त, म्हणजे ते शासनाला परत करायचं. अतिरिक्त कोणतं, तर ज्याचा वापर कमी ते. एका मैदानावर सामने चारशे बारा, दुसऱ्यावर निरंक.

आम्ही सगळे माळावर गेलो. नम्रता रनअप घेत होती. तिनं टाकलेला चेंडू दांडीच्या बाजूनं असा गेला की साहेबांची टोपी उगाचच हलली.

"हे बघा, वापर आहे," शकूबाई म्हणाली. "रोज टाकते पोरगी. सकाळ-संध्याकाळ."

"नोंद आहे का?"

"डोळ्यांनी दिसतंय की साहेब तुमाला."

"डोळ्यांनी मला पुष्कळ दिसतं, बाई. त्याचा अहवाल करता येत नाही."

मी पुढं झालो. "आजपासून माळाची वेगळी नोंदवही घालतो. आत्ता पहिली नोंद करतो."

"नोंदवही घालायला वस्तू जडवस्तू संग्रहात, म्हणजे मालमत्तेच्या यादीत, असावी लागते. हा माळ कधी खरेदी केला होता?"

"माळ कोण खरेदी करतं? तो होताच."

"म्हणजे खरेदी नाही, म्हणून संग्रहात नाही. संग्रहात नाही, म्हणून नोंदवही नाही. नोंदवही नाही, म्हणून वापर नाही." साहेबांना हे सांगताना आनंद होत नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. भला माणूस होता. "हरकत असेल तर तीस दिवसांत ग्रामसभेचा ठराव करा. गाव नाही म्हणालं तर कुणाचा बाप माळ घेऊ शकत नाही."

नम्रता चेंडू हातात घेऊन ऐकत होती. तिनं साहेबांना विचारलं, "सर, मी इथं पळते, टाकते, ते मग काय आहे?"

"व्यायाम," साहेब म्हणाले. "व्यायामाला मैदान लागत नाही. रस्ता आहे."

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा ठरली. नम्रता घरोघरी फिरली. प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं, "यायचं हां, आणि माळ द्यायला नाय बोलायचं." सगळ्यांनी कबूल केलं. आजपर्यंत ग्रामसभेला कधी वीसच्या वर डोकी जमली नाहीत, त्या दिवशी समाजमंदिर भरलं. मला वाटलं, गाव जागं झालं. मग कळलं की कळमटेंभे चषकाची फायनल त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच हॉलमध्ये ठेवलेली होती.

"मॅच थांबवा रे जरा," शकूबाई टेबलामागून म्हणाली.

"मधीच बंद केली तर आपून हरलो धरतो तो बॉक्स," धाऊबाबा रिमोटवरून नजर न काढता म्हणाला. "तुमी चालवा तुमचा. आमी आयकतोय."

मग टेबलाच्या या बाजूला ग्रामसभा आणि त्या बाजूला फायनल, असं सुरू झालं. मागचं इतिवृत्त कायम झालं, तेव्हा बॉक्सच्या संघाला अठरा चेंडूंत बावीस धावा हव्या होत्या. पाणीपट्टीचा विषय झाला, तेव्हा सहा चेंडूंत नऊ. साहेब कोपऱ्यात खुर्चीवर, निरीक्षक म्हणून. विषय क्रमांक चार मी उभा राहून वाचला, कारण वाचनही माझंच चांगलं आहे. 'अतिरिक्त क्रीडांगण शासनास परत करण्यास संमती असणाऱ्यांनी हात वर करावेत.'

त्याच क्षणी आतल्या नम्रतानं शेवटचा गडी त्रिफळाचीत केला. आख्ख्या हॉलचे हात वर गेले. "आऊट" असा जो आवाज झाला, तो फाट्यावर जीपवाल्यांना ऐकू गेला.

"मोजा," साहेब म्हणाले.

"साहेब, ह्या मतदान नाय," शकूबाई उठून म्हणाली. "त्यो विकेट पडला म्हणून."

"हात वर आहेत का?"

"हायत, पण..."

"हात का वर केला, हे विचारायची तरतूद अधिनियमात नाही. आवाजी मतदानही झालं आहे. मोजा, घुडेसाहेब."

घुडेसाहेब. चौतीस वर्षांत मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. मी मोजले. त्रेसष्ट. मी ते लिहिलंही, कारण जे समोर दिसतं ते इतिवृत्तात लिहायचं असतं. हॉलमध्ये एकच हात खाली होता. नम्रता दाराशी उभी होती.

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं रडेल, ओरडेल. मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती, अपील, फेरविचार, पुनरीक्षण.

"काका," ती म्हणाली, "त्रेसष्टात तुमचा पण हात होता."

होता. विकेटच तशी पडली होती. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसलो. लाज वाटली म्हणतात ती मला त्या दिवशी वाटली, आणि ती अजून उतरलेली नाही. पण तिचा काही रकाना नाही, म्हणून कुठं लिहिली नाही.

पंधरा दिवसांत माळाला तारेचं कुंपण पडलं. नम्रतानं सराव रस्त्यावर सुरू केला. रविवारी घाटात जाणाऱ्या गाड्या हॉर्न मारून तिला बाजूला करायच्या, तेव्हा ती आमच्या अंगणात यायची. अंगण नऊ पावलांचं, तिचा रनअप सोळा पावलांचा. सात पावलं ती स्वयंपाकघरात धावायची. माझी बायको चूल सांभाळून तिला वाट द्यायची. तरी पोरीनं सोडलं नाही. "निवड तर खरी हाय ना काका," ती म्हणायची. "तिथं मैदानातच टाकायला लावतील."

डिसेंबरात पत्र आलं. नम्रता चंदर घुडे हिला अंतिम चाचणीसाठी शहापूरला बोलावलं होतं. गावात पेढे वाटले. धाऊबाबानं डोळे पुसले. आम्ही किन्हवलीमार्गे जाणाऱ्या गाडीनं शहापूरला गेलो, तिनं मांडीवर बूट धरून ठेवले होते. शोधत शोधत पोचलो, तर पत्ता एका सभागृहाचा निघाला. आत गालिचा, पंखे आणि रांगेत मांडलेले आठ टीव्ही.

"मैदान कुठंय?" नम्रतानं विचारलं.

टेबलामागच्या बाईंनी यादी बघितली. "कळमटेंभे ना? तुम्ही योजनेतल्या गावाच्या. योजनेतल्या गावांची चाचणी योजनेच्याच साधनावर होते. जुलैच्या तपासणीत नोंदलेल्या दोनशे बारा विकेट्स तुमच्याच ना? बसा. चपला बाहेर काढा."

"मॅडम, त्या विकेट माझ्या नायत. मी खरी टाकते. तुमी मला बाहेर कुठंही एक चेंडू टाकू द्या, एकच. पार्किंगमध्ये पण चालेल."

"अगं बाई, पार्किंगमधल्या चेंडूला मार्क कुठं देऊ?"

तिला रिमोट दिला. तिनं आयुष्यात तो कधी धरलेला नव्हता. आतल्या नम्रतानं खऱ्या नम्रताच्या हातून एका षटकात सव्वीस धावा दिल्या, त्यात पाच वाइड. निकालाच्या कागदावर शेरा होता, 'खेळाडूच्या नोंदणीकृत कामगिरीशी प्रत्यक्ष कामगिरी जुळत नाही. अंगठ्याची हालचाल मंद. सराव वाढवावा.' खाली सही आणि शिक्का. मराठी शुद्ध होतं, एकही चूक काढता आली नाही.

येताना गाडीत तिनं बूट पिशवीत घातले. मी खिडकीकडची जागा तिला दिली. त्याखेरीज माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.

आता माळाचं सांगतो. शासनाकडं गेलेली जागा ग्रामीण पर्यटनासाठी दिली गेली, आणि तिथं रानमाळ ॲग्रो रिसॉर्ट उभं राहिलं. स्विमिंग पूल, चुलीवरची भाकरी, बैलगाडीची फेरी, आणि अगदी मधोमध, नम्रताच्या रनअपवर, बॉक्स क्रिकेट. चारी बाजूंनी जाळी, वर जाळी, खाली हिरवं गवत. एकही चेंडू रस्त्यावर जात नाही, वालात जात नाही. धाऊबाबाचा प्रश्न मिटला. मॅनेजर दिपेश कल्याणचा, बोलायला गोड. गावातल्या माणसांना कामं देणार म्हणाला होता, ती दिली. माझं अक्षर चांगलं म्हणून मला गेटवर पाहुण्यांच्या रजिस्टरला बसवलं. आणि नम्रता डावखुरी टाकते हे कळल्यावर तिलाही घेतलं. पाहुण्यांना कुणीतरी चेंडू टाकावे लागतात.

पहिल्या दिवशी दिपेशनं तिला नियम समजावले. "ताई, स्पीड एकदम कमी. बॅटवरच द्यायचा. पाहुण्याला आऊट करायचं नाय, आऊट झालेला पाहुणा परत येत नाय. ओव्हरला दोन सिक्स तरी बसल्या पायजेत. आणि प्रत्येक शॉटला 'भारी सर' बोलायचं."

"सर भारी नसले तर?" तिनं विचारलं.

"आलेत ना इथवर, म्हणजे भारीच."

ती टाकते. शनिवार-रविवार, सकाळी दहापासून. आता रनअप घेत नाही, जागेवरून हात फिरवते. पुस्तकं वाचणारी, सरकारी कारभारावर हसणारी, जाणती माणसं येतात इथं. ठाण्याहून येतात, पुण्याहून, नाशिकहून. येताना मला विचारतात, "काका, गाव कसं हो तुमचं, शांत आहे ना?" मी म्हणतो, एकदम. मग सही घेतो.

तुम्हीही मागच्या महिन्यात येऊन गेलात. नाही म्हणू नका, सही माझ्यासमोर आहे. तुमची नसेल तर तुमच्या मेहुण्याची असेल, गाडीत तुम्ही होताच. टोपी उलटी घालून तुम्ही आत गेलात आणि त्या मुलीला म्हणालात, "जरा नीट टाक गं, उगाच लुटुपुटु नको." इतक्या महिन्यांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनं दिपेशकडं बघितलं, तो फोनवर होता. माझ्याकडं बघितलं. मी या खेपेला हात वर केला नाही, नुसती मान हलवली.

ती सोळा पावलं मागं गेली आणि धावत आली.

तुमची बॅट अजून वर जात होती, तेव्हा मधली दांडी जाळीला जाऊन अडकली होती. मग तुम्ही दांडी स्वतःच्या हातानं परत रोवलीत, हसलात आणि म्हणालात, "ट्राय बॉल होता हां हा."

"हो सर, ट्राय बॉलच," दिपेश धावत येऊन म्हणाला.

तिनं पुढचा चेंडू जागेवरून टाकला. त्याला तुम्ही सिक्स मारलीत. तुम्ही फोनवर टाकलाय तो व्हिडिओ त्याच चेंडूचा आहे.